मोटारसायकलीवरील सामानाची राखण

गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण भागातील आलापल्ली हे गाव सागवानाच्या वनासाठी दूरवर प्रसिद्ध आहे. ‘वनवैभव’ या नावाने ओळखले जाणारे येथील जुने राखीव वन २०१४ साली जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित झाले. परंतु भोवतालच्या खेड्यांतील शेतकऱ्यास आलापल्लीचे महत्त्व वाटते ते वनापेक्षा तेथे एकत्र येणाऱ्या रस्त्यांमुळे. एक रस्ता आष्टीवरून चंद्रपूरकडे जातो, दुसरा सिरोंच्याकडे, तिसरा भामरागडकडे आणि चौथा एटापल्लीकडे. तालुक्याचे ठिकाण अहेरी हेही येथून जवळच आहे. बियाणे, खत, कीडनाशक, पंपाचे सुटे भाग, बँकेतील व्यवहार, कचेरीतील अर्ज अशा नानाविध कामांसाठी शेतकऱ्यास या रस्त्यांवरून वर्षभर ये-जा करावी लागते. भामरागडच्या बाजूचा शेतकरी ६० ते ६५ किलोमीटरचा रस्ता कापून येतो आणि एकाच खेपेत चार कामे उरकून दिवस मावळण्याच्या आत घर गाठू पाहतो. या धावपळीत मोटारसायकल ही त्याची मोठी सोबतीण झाली आहे.

या सोबतिणीच्या पाठीवरून सामान नाहीसे होण्याचे प्रकार घडतात. गाडी चोरीस जाणे ही मोठी गोष्ट असल्याने तिचा बोभाटा होतो. पण गाडीवरील पिशवी, पंप, हेल्मेट, बॅटरी किंवा पेट्रोल गेले तर मनुष्य चार शिव्या हासडून घरी जातो आणि पुढल्या खेपेस पुन्हा तसेच वागतो. म्हणून या विषयाचा थोडा विस्ताराने विचार करण्याचे येथे योजिले आहे.

बैलगाडी आणि मोटारसायकल

पूर्वी हीच खेप बैलगाडीने होत असे. बाजारात गाडी सोडली तरी ती सहसा एकटी राहत नसे. बैलांना पाणी दाखवावे लागे, वैरण टाकावी लागे; त्यासाठी घरातील कोणीतरी गाडीपाशी थांबे आणि बैलांची देखभाल करता करता गाडीतील पोत्यांचीही राखण आपोआप होऊन जाई. मोटारसायकलीस दाणा-वैरण लागत नाही. ती उभी केली, किल्ली खिशात टाकली की धनी मोकळा. हीच तिची मोठी सोय आणि सामानाच्या दृष्टीने हीच तिची मोठी उणीव होय. गाडी बदलली, पण सामान बांधण्याची आपली रीत मात्र बैलगाडीच्या काळातीलच राहिली. पोते पडू नये एवढ्याचसाठी आपण दोरी आवळतो. ते कोणी सोडून नेऊ नये हा विचार त्या गाठीत नसतो.

प्रस्तुत लेखकास याचा अनुभव एकदा चांगलाच आला. नवा फवारणी पंप जुन्या ट्यूबच्या पट्टीने मागे आवळून बांधला होता. एका दुकानासमोर गाडी लावून नोझल घेण्यास आत गेलो, तो पाच मिनिटांहून अधिक वेळ लागला नसेल. बाहेर येऊन पाहतो तर पंप नाही. ट्यूबची पट्टी मात्र व्यवस्थित गुंडाळून सीटवर ठेवलेली! चोराने पट्टी तोडलीसुद्धा नव्हती. तोडण्याची त्याला गरजच पडली नव्हती.

असा चोर बहुधा दूरवरून पाळत ठेवून येत नाही. वस्तू समोर दिसते, धनी दिसत नाही आणि हात लांबवला की ती सुटते, एवढे जुळून आले की काम झाले. त्याला लागतात ती दोन-चार मिनिटे. ती त्यास मिळू न देणे, आणि जी वस्तू गाडीवर ठेवावीच लागते ती काढण्यास त्याला दोन-चार मिनिटांऐवजी पंधरा मिनिटे लागतील अशी व्यवस्था करणे, याखेरीज या कामात दुसरी कोणतीही युक्ती नाही. न तुटणारे कुलूप बाजारात मिळत नाही. मात्र भर बाजारात पंधरा मिनिटे कुलूप घासत बसण्यास कोणी धजत नाही.

कामांचा क्रम

कुलपाचा विचार करण्यापूर्वी कामांच्या क्रमाचा विचार करावा, असे आमचे मत आहे. त्यास एक पैसाही खर्च लागत नाही.

सर्वसाधारणपणे शेतकरी आलापल्लीस किंवा अहेरीस पोहोचताच प्रथम खरेदी करतो, कारण दुकान रस्त्यावरच लागते. आणि मग भरलेली गाडी घेऊन बँकेत व कचेरीत जातो. हा क्रम उलटा करावा. जेथे रांगेत उभे राहावे लागते, म्हणजेच गाडी नजरेआड राहते, ती कामे रिकाम्या गाडीने आधी उरकावी. बँक प्रथम, कचेरी त्यानंतर आणि खरेदी सर्वांत शेवटी. अनुदानित खत घेताना आधार क्रमांक देऊन यंत्रावर अंगठा उमटवावा लागतो, आणि संपर्कयंत्रणा मंद असेल तर त्यास बराच वेळ जातो. त्या वेळी बाहेर गाडीवर आधीच घेतलेले बियाणे किंवा किराणा असू नये. दोन-तीन दुकानांतून खरेदी करावयाची असल्यास प्रत्येक दुकानी पैसे चुकते करून पावती घ्यावी, माल दुकानातच बाजूस ठेवण्यास सांगावे आणि परतीच्या वेळी ओळीने उचलीत गावचा रस्ता धरावा. ओळखीचा दुकानदार यास सहसा नकार देत नाही. पावतीवर ‘माल दुकानी ठेवला’ असे दोन शब्द लिहून घेतले म्हणजे पुढे वादही होत नाही.

दोघे शेजारी आपापल्या गाड्यांवर बाजारास येत असल्यास दोघांनी एकाच वेळी दुकानात शिरू नये. एकाने बाहेर थांबावे, दुसऱ्याने काम करून यावे. रात्री मचाणावर बसून रानडुकरांपासून धानाची राखण करणाऱ्यास राखणीचे तंत्र नव्याने शिकविण्याची गरज नाही. बांधीत ज्याला डोळ्यांत तेल घालून बसणे जमते, तोच मनुष्य बाजारात एका कप चहासाठी सर्व सामान उघड्यावर टाकून जातो, हे पाहून मात्र नवल वाटते.

गाडी उभी करताना ती भिंतीलगत लावावी आणि ज्या बाजूस पिशवी किंवा पेटी असेल ती बाजू भिंतीकडे करावी. झाडाच्या सावलीसाठी दूर एकीकडे गाडी लावण्यापेक्षा उन्हात, पण वर्दळीच्या चहाच्या दुकानासमोर लावणे बरे. किल्ली गाडीस लावून ‘आत्ता आलो’ म्हणून जाणे तर सर्वथा टाळावे. बहुतेक गाड्यांची एकच किल्ली कळ, पेट्रोलच्या टाकीचे झाकण, सीट आणि बाजूचे झाकण या साऱ्यांस लागते. ती एक हाती आली की सर्वच उघडे झाले.

बांधणी

जुन्या ट्यूबच्या पट्ट्या, दोन्ही टोकांस आकडे असलेल्या रबरी दोऱ्या आणि सुतळी ही तिन्ही साधने सामान स्थिर ठेवण्यास उत्तम आहेत. त्यांचा वापर सोडावा असे आम्ही म्हणत नाही. पण त्यांच्या जोडीस प्लॅस्टिकचे वेष्टण असलेली पोलादी तारेची दोरी आणि एक कुलूप असावे. अशी दोरी सायकलच्या दुकानात सहज मिळते. ती पिशवीच्या बंदांतून, पंपाच्या टाकीवरील मुठीतून आणि शेवटी गाडीच्या सांगाड्यातून ओवून घ्यावी. येथे एक चूक वारंवार होते. दोरी कॅरिअरमध्ये अडकविली जाते, आणि कॅरिअर स्वतःच चार साध्या बोल्टांवर उभे असते. कुलूप शाबूत राहून कॅरिअरसकट पंप जाऊ शकतो. म्हणून दोरीचा एक वेढा सांगाड्याच्या जोडलेल्या नळीतून गेलाच पाहिजे.

पंपाचे खांद्यावरील पट्टे कातरीने क्षणात कापले जातात. दोरी केवळ त्यांतून ओवण्यात अर्थ नाही. पंप दुरुस्तीस नेताना नळी, दांडी आणि नोझल वेगळे काढून हातपिशवीत घ्यावे. दांडीवाचून पंप विकत घेणारे गिऱ्हाईक सहजासहजी मिळत नाही. बॅटरीवर चालणाऱ्या पंपाचा चार्जर कारणाशिवाय बरोबर नेऊ नये.

कापडी किंवा रेक्झीनची दुहेरी खुर्जी, जिला दुकानदार साईड बॅग म्हणतात, ती या भागात सर्रास दिसते. घोड्याच्या व बैलाच्या पाठीवर टाकीत असत त्याच खुर्जीचा हा नवा अवतार होय. ती स्वस्त आहे आणि तिच्यात भाजीपाला, कपडे, दळण नेण्यास हरकत नाही. परंतु तिला कुलूप लावणे म्हणजे कुडाच्या भिंतीस लोखंडी दार बसविण्यासारखे आहे. साखळीच्या दोन दुव्यांत कुलूप अडकविले तरी बाजूचे कापड पात्याने फाडता येते. मोलाची वस्तू तिच्यात ठेवावयाची नाही, एवढा नियम पाळला की खुर्जी पुरेशी उपयुक्त आहे. जंगलातील थांब्यांवर माकडे उघड्या खुर्जीतून खाद्यपदार्थ ओढून काढतात, हेही लक्षात असू द्यावे. त्यांच्याविरुद्ध मात्र साधे बक्कलही चालते.

नेहमी माल नेणाऱ्या शेतकऱ्याने पत्र्याची पेटी करून घेणे अधिक इष्ट. गावातील लोहार किंवा वेल्डिंगवाला ती मापाप्रमाणे करून देतो. पत्रा हाताने दबणार नाही इतका जाड असावा. बिजागऱ्या बाहेरच्या अंगास असल्यास त्यांच्या खिळ्यांची टोके वेल्डिंग करून बंद करावी, नाहीतर कुलपास हात न लावता झाकण मागून उघडते. कडी-कोयंडा रिव्हेटने किंवा वेल्डिंगने बसवावा, स्क्रूने नव्हे. पेटी गाडीस जोडणारे बोल्ट पेटीच्या आतून लावावे, म्हणजे झाकण उघडल्याशिवाय ते सोडता येणार नाहीत. तळास दोन लहान छिद्रे ठेवावी. वर्षाकाठी सरासरी १३०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या जिल्ह्यात पेटीत पाणी शिरणार हे गृहीत धरावे, आणि शिरलेले पाणी निघून जाण्यास वाट हवी. कारखान्यात तयार झालेली डिकी विकत घेतल्यास ती ज्या तबकावर बसते त्याचे स्क्रू बाहेरून हाती लागतात काय, हे घेण्यापूर्वीच पाहावे.

पावसाळ्यात कुलपे गंजतात आणि मग धनीच ती उघडी ठेवू लागतो. रोवणीच्या दिवसांत चिखलपाण्यातून गाडी गेली असेल तर कुलूप पुसून त्यात शिसपेन्सिलीच्या शिशाची भुकटी फुंकावी. तेल घातल्यास त्यावर धूळ बसून चिकटा होतो. कुलपाचे तोंड खाली राहील असे अडकवावे.

गेले की पडले?

आता गाडीच्या जोडवस्तूंकडे वळू. आरसे, दिशादर्शक दिवे, पायांपुढील लोखंडी गार्ड, बाजूची झाकणे, हत्यारांची पिशवी, मोबाईल ठेवण्याची चिमटी या वस्तू गेल्याची तक्रार ऐकू येते, तेव्हा पहिला प्रश्न असा विचारावा की वस्तू चोरीस गेली की रस्त्यात पडली. आमच्या पाहण्यात अशा तक्रारींपैकी कित्येक दुसऱ्या प्रकारच्या निघाल्या आहेत. गेल्या काही वर्षांत सुरजागडच्या लोहखनिजाच्या जड वाहतुकीने या भागातील रस्त्यांवर मोठा ताण पडला आहे, आणि आतील गावांचे रस्ते तर पावसाळ्यानंतर दगडगोट्यांचेच असतात. या हादऱ्यांनी नट सैल होतात. सैल झालेला नट हा चोराचाही अर्धा वेळ वाचवितो, म्हणून उपाय दोन्हींवर एकच आहे.

प्रत्येक महत्त्वाचा नट आवळून झाल्यावर नट आणि त्याखालचा भाग यांवरून पांढऱ्या रंगाची एक बारीक रेघ ओढावी. नट फिरला की रेघ तुटलेली दिसते; सकाळी गाडी पुसताना नजर टाकली तरी पुरते. ज्या नटांच्या आत नायलॉनची कडी बसविलेली असते ते हादऱ्याने सहसा सैल होत नाहीत. आरसे, गार्ड आणि कॅरिअर यांस तेच वापरावे. साध्या षट्कोनी डोक्याच्या बोल्टाऐवजी डोक्यात षट्कोनी खाच असलेला ॲलन बोल्ट बसविला तर साध्या पान्याने काम भागत नाही. त्या खाचेत एक लहान पोलादी गोळी ठोकून बसवून वर मेण भरले, तर ॲलन किल्लीही आत जात नाही. आपल्याला काढावयाचे असेल तेव्हा मेण खरवडून गोळी टोकदार हत्याराने उचकटावी लागते, आणि त्यास वेळ लागतो. तोच तर हेतू आहे. कायमचे बसवावयाचे असल्यास आवळताच डोके तुटून पडते असे बोल्टही मिळतात, पण ते गाडीच्या देखभालीत वरचेवर सोडाव्या लागणाऱ्या भागास लावू नयेत, अन्यथा पुढे मेकॅनिक छिन्नी घेऊन बसेल.

१ एप्रिल २०१९ पासून तयार झालेल्या नव्या गाड्यांस उच्च सुरक्षेची क्रमांकपट्टी कारखान्याकडूनच येते आणि ती एकदाच बसणाऱ्या टाचणीने जडविलेली असते. ती टाचणी तुटली किंवा पट्टी हरवली तर तिकडे दुर्लक्ष करू नये. आपली पट्टी दुसऱ्याच्या गाडीवर लागली तर त्या गाडीने केलेल्या गुन्ह्याचा पहिला तपास आपल्या दारी येतो.

पेट्रोल काढून नेण्याचा प्रकार लग्नसराईत आणि यात्रांच्या वेळी विशेष होतो. जुन्या, कार्बुरेटरच्या गाड्यांत टाकीखालच्या तोटीची रबरी नळी ओढली की पेट्रोल वाहू लागते. अशा गाडीच्या नळीस दोन्ही टोकांस स्क्रूने आवळण्याच्या पट्ट्या लावाव्या. तोटी बंद केल्याने चोर थांबत नाही, तो ती उघडू शकतो. १ एप्रिल २०२० पासून भारत टप्पा ६ हे प्रदूषणविषयक मानक लागू झाल्यानंतरच्या गाड्यांत बहुधा अशी तोटीच नसते आणि पेट्रोलचा पंप टाकीच्या आत विजेवर चालतो. म्हणजे पेट्रोलची भीती कमी झाली, पण बॅटरीचे मोल वाढले. बॅटरी गेली की अशी गाडी जागेवरच खिळते. बाजूचे झाकण किल्लीचे असेल तर ते लावलेच पाहिजे. नसेल तर बॅटरीवरून एक लोखंडी पट्टी घेऊन ती वर सांगितलेल्या बोल्टांनी पक्की करावी.

हेल्मेट सीटखालच्या आकड्यास पट्ट्याने अडकविण्याची सोय बहुतेक गाड्यांत असते. तिचा उपयोग थोड्या वेळापुरताच समजावा, कारण पट्टा कापता येतो. पट्टा कापलेले हेल्मेट चोराच्याही उपयोगाचे राहत नाही हे खरे, पण आपलेही नुकसान व्हावयाचे ते होतेच. हेल्मेट हातात घेऊन जाणे उत्तम. चोरीच्या भीतीने ते घरी ठेवून येणारे काही लोक आहेत. त्यांनी आपल्या डोक्याची किंमत हेल्मेटाहून कमी धरली आहे, असेच म्हणावे लागेल.

गाडीचा पत्ता सांगणारी लहान यंत्रे आता मिळतात. पण त्यांतील बहुतेक मोबाईलच्या संपर्कावर अवलंबून असतात आणि भामरागडच्या बाजूस तो संपर्क मध्येच तुटतो. त्यांच्या भरवशावर सामान उघडे टाकू नये.

कागदपत्रे

पंप गेला तर नवा घेता येतो. परंतु पिशवीत पंपाखाली प्लॅस्टिकच्या वेष्टणात घडी करून ठेवलेले कागद गेले तर काय होते, याची कल्पना ज्याच्यावर वेळ आली त्यालाच असते. धान आधारभूत किमतीने विकण्याच्या नोंदणीसाठी सातबारा, आधारपत्र व बँकेचे पुस्तक लागते, आणि ते गोळा करताना मनुष्य घरातील सर्वच कागद एका पिशवीत भरून निघतो. त्यांत पुष्कळदा वनहक्काचा पट्टाही असतो. अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी यांच्या वनहक्कांना मान्यता देणारा कायदा २००६ साली झाला. त्यान्वये मिळालेला पट्टा विकता येत नाही, वारसाने मात्र पुढे जातो. आणि विवाहित दावेदाराच्या बाबतीत तो पती-पत्नी दोघांच्या संयुक्त नावाने असतो. म्हणजे तो मूळ कागद एका मोटारसायकलस्वाराचा नसून एका कुटुंबाचा आहे. वर्षानुवर्षे कसलेल्या जमिनीचा तो पुरावा चहाच्या दुकानासमोर उभ्या केलेल्या गाडीच्या खुर्जीत ठेवण्याजोगा खचितच नव्हे. मूळ पट्टा घरी पेटीत ठेवावा, बाजारास त्याची छायाप्रत न्यावी. मूळ प्रत दाखवावीच लागेल असे कचेरीने कळविले असेल, त्या दिवशी ती अंगावरील पिशवीत असावी आणि दुसरे कोणतेही काम त्या खेपेस काढू नये.

सातबाऱ्याविषयी एवढी चिंता नको. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा महाभूमी संकेतस्थळावरून १५ रुपयांत मिळतो आणि तो कायदेशीर कामास चालतो. गाडीचे नोंदणीपुस्तक, विमा आणि चालकाचा परवाना हेही २०१८ पासून डिजिलॉकर किंवा एम-परिवहनमधून मोबाईलवर दाखविल्यास ग्राह्य धरले जातात. म्हणून मूळ कागद डिकीत ठेवून फिरण्याचे कारण उरलेले नाही. मोबाईलवर आधीच उतरवून ठेवावे, रस्त्यात संपर्क मिळेल न मिळेल. रोकड, बँकेचे पुस्तक आणि मोबाईल यांची जागा अंगावर. तेंदूच्या हंगामात हातात पैसा खेळत असतो, त्या दिवसांत तर याविषयी विशेष दक्षता बाळगावी.

कीडनाशकाची बाटली

एका वस्तूच्या चोरीत चोराचाही जीव धोक्यात येतो. कीडनाशकाची बाटली पिशवीतून गेली तर ती कोणाच्या घरात, कोणत्या मुलाच्या हाती पडेल हे सांगता येत नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या वेळी झालेल्या विषबाधेने शेतकरी व शेतमजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही. बाटली मूळ वेष्टणात, नाव वाचता येईल अशी, कुलपाच्या पेटीत आणि अन्नधान्यापासून वेगळी न्यावी. दुसऱ्या बाटलीत ओतून तर कधीही नेऊ नये. अशी बाटली हरवल्यास पोलिसांत कळविताना औषधाचे नाव आवर्जून सांगावे.

यात्रा आणि रेल्वे

महाशिवरात्रीस मार्कंड्याच्या यात्रेला किंवा बल्लारशाहून रेल्वेने पुढे जाताना गाडी कित्येक तास, क्वचित दोन-तीन दिवस वाहनतळावर राहते. तेथील पावती गाडीची असते. ‘सामानाची जबाबदारी नाही’ असे तिच्यावर बहुधा छापलेलेच असते. काढता येणारी डिकी काढून बरोबर न्यावी किंवा नात्यागोत्यातील घरी ठेवावी. गाडी सोडताना मोबाईलवर चारही बाजूंनी तिचे छायाचित्र घ्यावे, त्यात मागे वाहनतळाची पाटी दिसावी.

आपल्या भागाच्या परिस्थितीत आणखी एक गोष्ट. बेवारस पिशवीमुळे बाजारात आणि बसस्थानकावर उगाच घबराट होते. आपली पिशवी गाडीवरून काढून ओट्यावर ठेवून दूर जाऊ नये आणि अनोळखी माणसाची पिशवी ‘पुढल्या गावी द्या’ म्हणून घेऊ नये. बेवारस पिशवी दिसल्यास तिला हात न लावता पोलिसांना कळवावे.

चोरी झाल्यावर

सामान गेल्याचे लक्षात येताच जवळ उभ्या असलेल्या गरीब किंवा परगावच्या माणसास धरण्याची जी प्रवृत्ती दिसते ती घातक आहे. संपूर्ण जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारणारा इंग्रजी अमदानीतील कायदा १९५२ साली रद्द झाला. आपल्या मनातून तो अद्याप पुरता गेलेला नाही. मारहाण करणारा स्वतःच आरोपी होतो आणि पंप जातो तो जातोच.

प्रथम आसपासच्या दुकानांत विचारावे. कोणी चुकून, तर कोणी सांभाळण्यासाठी आत उचलून ठेवल्याची उदाहरणे आहेत. दुकानात कॅमेरा असल्यास त्यातील चित्रण पुसले जाण्यापूर्वी राखून ठेवण्यास सांगावे. त्यानंतर नजीकच्या पोलीस ठाण्यात तक्रार द्यावी किंवा ११२ क्रमांकावर कळवावे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता व भारतीय नागरिक सुरक्षा संहिता अंमलात आल्या आहेत. चोरीसाठी न्याय संहितेचे कलम ३०३ आहे. घटना कोणत्याही हद्दीत घडलेली असली तरी दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यात देता येते. इलेक्ट्रॉनिक मार्गाने दिल्यास तीन दिवसांच्या आत जाऊन सही करावी लागते. आणि खबरीची प्रत विनामूल्य मिळते. ती मागून घ्यावी. मोबाईल गेला असल्यास संचार साथी या सरकारी संकेतस्थळावरून तो बंद करविता येतो. त्यासाठी लागणारा पंधरा अंकी क्रमांक *#०६# दाबून आजच लिहून ठेवावा.

तक्रारीत वस्तूचे वर्णन नेमके हवे. ‘निळा पंप’ एवढ्यावरून शंभर पंपांतून आपला ओळखता येत नाही. म्हणून नवी वस्तू घरी येताच तिच्यावर खूण करावी. प्लॅस्टिकच्या टाकीच्या तळाशी तापल्या खिळ्याने नावाची अक्षरे आणि गावाचे नाव कोरावे, लोखंडी भागावर ठशाने ठोकावे. आधार क्रमांक मात्र कोरू नये. बिलाचे आणि कारखान्याच्या क्रमांकाचे छायाचित्र काढून ते घरातील दुसऱ्या कोणाच्या मोबाईलवरही पाठवून ठेवावे. बाजारात बिलाशिवाय अर्ध्या किमतीस मिळणारा पंप विकत घेण्याचा मोह होतो, तेथेही अशीच खूण शोधावी. चोरीचा माल आहे असे मानण्यास कारण असूनही तो घेणे हा न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे, आणि अशी गिऱ्हाईके आहेत म्हणूनच चोरास पंप उचलावासा वाटतो.

विम्याबाबत पुष्कळांचा गैरसमज आहे. केवळ तिसऱ्या पक्षाचा विमा असेल तर चोरीची भरपाई मुळीच मिळत नाही. सर्वंकष विमा असला तरी दुचाकीच्या प्रचलित विमापत्रानुसार जोडवस्तू चोरीस गेल्यास भरपाई मिळते ती गाडीही त्याच वेळी चोरीस गेली असेल तरच. गाडी जागेवर आणि आरसे, डिकी किंवा गार्ड गेले, तर विमा कंपनी पैसे देत नाही. गाडीवरील पंप, खत, बियाणे हे तर गाडीचे भागच नव्हेत. कारखान्याकडून न आलेली मोलाची जोडवस्तू बसविली असल्यास तिची किंमत विमापत्रात स्वतंत्र नोंदवून घ्यावी, म्हणजे गाडीसह ती गेल्यास निदान तेवढी रक्कम पदरात पडते.

चोरीचा माल सापडल्यास पोलीस तो मुद्देमाल म्हणून जप्त करतात. तो परत मिळण्यासाठी न्यायालयात अर्ज करावा लागतो, आणि बिल व खूण दाखविल्यास सुपूर्दनाम्यावर ताबा मिळू शकतो. त्या पंपाने फवारणी करता येते. पण खटला चालू असेतो तो विकू नये, त्यावरील खूण बुजवू नये आणि न्यायालयाने बोलाविल्यास तो घेऊन हजर व्हावे.